पात्रता विभाग

एकतीस वर्षं मी विद्यापीठात
दुसऱ्यांच्या गुणपत्रिका उजेडासमोर धरल्या.
बोट फिरवलं की कळायचं,
शिक्का मारलाय की नुसता छापलाय.
निवृत्तीच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला,
बोटं तेवढी माझ्याकडेच राहिली.

म्हणून पंचकमिटीनं त्या उमेदवाराचा कागद
माझ्याकडं पाठवला.
जयवंत हिरवे म्हणाले, बाई, तुम्हीच बघा,
आम्हाला सोनेरी काठ दिसला की सगळंच खरं वाटतं.

कागद जाड. कोपऱ्यात कबूतर.
खाली दोन सह्या, दोन्हींचा हात एक.
'आंतरराष्ट्रीय' हा शब्द तीनदा,
गावाचं नाव एकदाही नाही.
मान्यता कुठल्याशा महामंडळाची;
महामंडळाचा पत्ता काढला
तर तो सेमिनरीचाच, जिना तेवढा वेगळा.
आपणच कर्जदार, आपणच जामीन.

फोन लावला. पलीकडं मधाळ आवाज.
रविवारच्या शाळेत शिकवता? किती वर्षं?
मग अर्धी पदवी झालीच की, म्हणाला,
उरलेल्या अर्ध्या पदवीचे नऊ हजार.
नाताळच्या आत भरलेत
तर नावामागं डॉक्टर लावता येईल.
मी पावतीचं विचारलं.
फोन कट.

अहवाल तिथंच संपत होता.
ग्राह्य नाही.
हे दोन शब्द मी हजारदा लिहिलेत,
खिडकीपलीकडं कोण उभं आहे ते न बघता.

पण शनिवारी तो स्वतःच आला, एलिशा चोपडे.
कोडोलीचा. मार्केट यार्डात गुळाची तोलाई करतो,
चपला दाराबाहेर, बगलेत पिशवी, पिशवीत सात वह्या.
म्हणाला, बाई, पिवळाधमक रवा दिसला
की मी आधी जिभेवर ठेवतो.
कागदाचंबी तसंच केलंय.

तिसऱ्या वहीत चौदावं नि पंधरावं पान
त्यानं पाक लावून चिकटवलं होतं.
वही टपालानं गेली, दोन महिन्यांनी आली,
वर जांभळा शिक्का, उत्कृष्ट,
आणि पानं तशीच चिकटलेली.
कडेकडेनं मुंग्यांनी तेवढी कुरतडली होती.
तेवढंच वाचलं म्हणायचं कुणीतरी.

मग पुढच्या चार वह्या कशाला लिहिल्यास?
फी भरून झालती, म्हणाला.
आणि पुस्तकं खरी हुती.

चहाच्या वाफेवर धरून मी ती पानं सोडवली.
ओढ्याच्या उतारावर एकटा माणूस
आणि पहाटेपर्यंत त्याला न सोडणारा कुणी अनोळखी,
त्या झोंबीवर त्यानं लिहिलं होतं:
'माझा बाप तालमीत मालीश करीत असे.
जांघेचा सांधा निखळला की पैलवान संपला, असे लोक म्हणत.
बाप म्हणे, संपला नाही,
आता तो प्रत्येक पावलाला जमीन विचारून टाकील.'

मी थोडा वेळ काही बोलले नाही.
मग लाल पेन शोधलं. नातवाच्या दप्तरात सापडलं.
शुद्धलेखन, नऊ चुका.
एक वचन भलत्याच अध्यायातलं.
पान एकवीस ते चोवीस, सरळ उतरवलेलं,
ते त्यानं मान खाली घालून कबूल केलं.
शेवटच्या पानावर बेरीज केली, गोल काढला:
शंभरपैकी चोपन्न.

उद्या उपासनेनंतर कमिटी बसेल.
अहवालात तेच दोन शब्द आहेत, त्यात मी फरक केला नाही.
तिसरी वही मात्र सोबत जोडली आहे,
जोडपत्र क्रमांक एक.

आणि एलिशा?
त्याला वाटलं होतं तसं वाईट वाटलं नाही.
खुर्ची ओढून जवळ आला,
पान अकरावर बोट ठेवलं.
बाई, हितं दोन मार्क का कापलं?
मी कारण सांगितलं. त्याला पटलं नाही.
बाहेर दिवे लागले,
चहा दुसऱ्यांदा गार झाला,
आणि तो अजून भांडतच होता.